ऑटोडेबिट चालू असताना स्वतःही पैसे भरले, आणि दोन्हीकडून गेले

चैत्रपालवी
नमस्कार मंडळी. क्रेडिट कार्डाच्या ऑटोडेबिटबद्दल विचारायचंय. आधी काय झालं ते तारखांसकट सांगते, कारण गोम तारखांमध्येच असावी असं वाटतंय.

माझ्या कार्डाचं बिल ४ तारखेला निघतं, ड्यू डेट २२. दुसऱ्या बँकेतल्या बचत खात्यावर पूर्ण बिलाचं ऑटोडेबिट लावलेलं आहे. या वेळी बिल आलं ४८,२००. २१ तारखेला हाताशी पैसे होते म्हणून ॲपमधून ३०,००० भरून टाकले. म्हटलं, उरलेले १८,२०० उद्या आपोआप जातील. २२ ला सकाळी खात्यातून गेले पूर्ण ४८,२००. खात्यात तेवढे होते, त्यामुळे काही अडलं नाही आणि मीही मेसेज नीट वाचला नाही. २३ ला घराच्या कर्जाचा हप्ता होता. तो बाउन्स झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कर्ज देणाऱ्यांनी बाउन्स चार्ज लावला, माझ्या बँकेने तिचा वेगळा लावला.

कार्डाच्या हेल्पलाइनवर सांगितलं, "जास्तीचे ३०,००० कार्डावर जमा आहेत, पुढच्या बिलात वळते होतील." मला ते पुढच्या बिलात नको होते हो, २३ तारखेला हवे होते.

आणि खरं कोडं पुढेच आहे. चार महिन्यांपूर्वी मी अगदी हेच केलं होतं. तेव्हा १२ तारखेला काही रक्कम भरली आणि २२ ला फक्त उरलेलेच कापले गेले. त्याच भरवशावर या वेळी भरले. कार्ड तेच, खातं तेच. मग या वेळी वेगळं का झालं?

निळी_शाई
अरेरे. हप्ता बाउन्स झाला की मनाला फार लागतं, समजू शकते. माझ्या आधीच्या कार्डावर मात्र कधीही भरलं तरी पूर्ण बिलच कापायचे. मला तोच नियम वाटत होता. तुमचे एकदा बरोबर कापले गेले हे वाचून उलट नवल वाटलं.

हिशेबवही
चैत्रपालवी, उत्तर १२ आणि २१ या दोन तारखांमध्येच आहे. मी काही वर्षं एका कार्ड कंपनीच्या पेमेंट विभागात काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ड्यू डेटला सकाळी 'आता किती बाकी आहे' असं बघून तेवढेच पैसे घेतले जातात, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. कार्ड कंपनी त्याच्या आधीच एक फाइल बनवते. कोणाच्या कोणत्या खात्यातून किती घ्यायचे, अशी यादीच असते ती. फाइल क्लिअरिंगला, म्हणजे बँकांमधल्या देवाणघेवाणीला, गेली की रक्कम ठरली. त्यानंतर तुम्ही ॲपमधून भरलेले पैसे कार्डावर जमा होतात, पण निघून गेलेल्या फाइलमधला आकडा कोणी खोडत नाही. १२ तारखेला भरलेत तेव्हा फाइल बनायची होती. २१ ला भरलेत तेव्हा ती गेलेली होती.

ब्रिटनमध्ये बॅक्सचं (खात्यांतून आपोआप पैसे घेण्या-देण्याच्या तिथल्या यंत्रणेचं) चक्र तीन कामकाजाच्या दिवसांचं आहे. पहिल्या दिवशी फाइल जाते, दुसऱ्या दिवशी बँका ती हाताळतात, तिसऱ्या दिवशी पैसे हलतात. भारतात हे काम नॅच या तशाच यंत्रणेतून होतं. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच आठवड्याचे सातही दिवस चालतं, तरी रक्कम आधी पक्की करून पाठवावी लागतेच. देश कुठलाही असो, रक्कम पक्की होण्याची वेळ आणि पैसे हलण्याची वेळ यांत अंतर असतं, आणि तुमचे ३०,००० नेमके त्या अंतरात पडले.

निळी_शाई यांचा अनुभवही खरा आहे. काही कंपन्या बिल निघालं त्याच दिवशी रक्कम गोठवतात. मग ड्यू डेटपर्यंत तुम्ही काहीही भरा, कापणार बिलावरची पूर्ण रक्कम. काही कंपन्या फाइल बनेपर्यंत वाट पाहतात आणि मधल्या काळात भरलेलं वजा करतात. कार्ड आणि बचत खातं एकाच बँकेचं असेल, तर फाइल बाहेर जायची गरज नसते. अशा ठिकाणी बऱ्याचदा ड्यू डेटच्याच दिवशी बाकी बघून कापतात. तुमच्या कार्डाला यातलं काय लागू आहे हे अटी-शर्तींत किंवा मॅन्डेटच्या, म्हणजे खात्यातून पैसे घ्यायला आपण दिलेल्या परवानगीच्या, कागदात असतं. नसेल तर ईमेलवर विचारा. फोनवर विचारू नका, फोनवरची माणसं अंदाजाने सांगतात आणि नंतर तुमच्याकडे पुरावा राहत नाही.

मुक्तछंद
फार उपयोगी माहिती. एक विचारतो. मी पूर्ण बिलाऐवजी मिनिमम ड्यूचं (बिलापैकी निदान भरावीच लागते त्या रकमेचं) ऑटोडेबिट लावलंय आणि उरलेलं स्वतः भरतो. मी ड्यू डेटच्या आधीच मिनिममपेक्षा जास्त भरलं, तर ऑटोडेबिट होणार नाही ना?

हिशेबवही
मधल्या काळात भरलेलं वजा करणारी कंपनी असेल आणि फाइल बनायच्या आधी भरलंत, तर बहुधा होणार नाही, कारण मिनिमम भरून झालेला असतो. पण ठरावीक रकमेचं ऑटोडेबिट असेल, समजा 'दर महिन्याला ५,०००', तर तुम्ही मध्ये काहीही भरलं तरी ते ५,००० जातात. फक्त बाकी त्यापेक्षा कमी असेल तर बाकीइतकेच घेतात. मिनिमम, ठरावीक रक्कम आणि पूर्ण बिल, या तिन्ही प्रकारांत मधल्या भरण्याचा हिशेब वेगवेगळा लागतो. एकाचा अनुभव दुसऱ्याला लावू नका.

गणितवेडा
मुक्तछंद, मिनिममचं ऑटोडेबिट आणि उरलेलं स्वतः भरणं यात एक मोठा धोका आहे, तो उदाहरणाने दाखवतो.

बिल ४०,०००. मिनिमम २,००० आपोआप गेले. तुम्ही स्वतः ३७,५०० भरलेत आणि ५०० राहून गेले. कारण काहीही असो, समजा बिलातला शेवटचा आकडा बघताना चुकलात. आपल्याला वाटतं की व्याज ५०० वर लागेल. पुष्कळ कार्डांवर तसं होत नाही. बिल पूर्ण भरलं नाही की बिनव्याजी मुदत जाते, आणि प्रत्येक खरेदीवर खरेदीच्या तारखेपासून पैसे भरेपर्यंत व्याज लागतं. सगळी खरेदी भरण्याच्या ३० दिवस आधीची आणि मासिक दर ३ टक्के धरला, तर ४०,००० वर साधारण १,२०० व्याज होतं. राहिले होते ५००.

इतकंच नाही. या महिन्यात केलेल्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. दुकानात कार्ड दिलं त्या दिवसापासून मीटर चालू.

मुक्तछंद
बाप रे. हे मला खरंच माहीत नव्हतं. मग पुढच्या महिन्यात पूर्ण बिल भरलं की सगळं सुरळीत होतं का?

गणितवेडा
लगेच नाही. बिल निघाल्याच्या तारखेपासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचं व्याज त्या बिलात आलेलंच नसतं. ते त्याच्या पुढच्या बिलात येतं. म्हणजे तुम्ही बिलावरचा पैसा न् पैसा भरलात, कार्ड वापरलंही नाही, आणि तरी पुढच्या महिन्यात थोडं व्याज दिसतं. लोकांना वाटतं बँकेने फसवलं. हे मागे राहिलेलं व्याज असतं. ते आणखी एकदा पूर्ण भरलं की मगच पाटी कोरी होते. अशा वेळी ग्राहक सेवेला 'आज कार्ड पूर्ण फेडायचं तर आजच्या तारखेपर्यंतच्या व्याजासह किती भरू' असं विचारून तेवढी रक्कम भरावी.

दिवेलागण
मला वेगळाच फटका बसला, इथे लिहिते म्हणजे कोणाला उपयोग होईल. बिल ४ ऐवजी १० तारखेला निघतं माझं. मी ७ तारखेला चांगली मोठी रक्कम भरली आणि 'या महिन्याचं झालं' म्हणून निश्चिंत झाले. ऑटोडेबिट त्या काळात बंद होतं, कारण बचत खातं बदललं होतं. १० ला बिल आलं, ते उघडलंच नाही. पुढे लेट फी! मी भांडले, की पैसे तर ७ लाच भरलेत. त्यांनी मानलं नाही.

हिशेबवही
दिवेलागण, तुमच्यावर अन्याय झाल्यासारखं वाटणं साहजिक आहे, पण हिशेब त्यांचाच बरोबर होता. ७ तारखेचे पैसे आधीच्या चक्रात जमा झाले आणि त्यामुळे १० चं बिल कमी आकड्याचं निघालं. पण १० च्या बिलात जो मिनिमम ड्यू छापला गेला, त्याच्यासाठी १० नंतरच भरावं लागतं. बिल निघण्याआधी भरलेला पैसा पुढच्या मिनिममसाठी धरत नाहीत. तुम्ही शिल्लक शून्यावर आणली असती, तर बिल शून्याचं आलं असतं आणि प्रश्नच उरला नसता.

ऑटोडेबिट चालू असलेल्यांना याच गोष्टीचा फायदा आहे. बिल निघण्याच्या दोन-चार दिवस आधी स्वतः भरलं, तर बिलच कमी येतं आणि ऑटोडेबिट त्या कमी बिलाचं होतं. दुहेरी कापलं जायचा संभव नाही, कारण फाइलमधली रक्कम त्या बिलावरूनच ठरते. मला विचाराल तर पूर्ण बिलाचं ऑटोडेबिट असताना स्वतः पैसे भरायची खरी सुरक्षित जागा हीच. पैसे जमा व्हायला लागणारा वेळ मात्र धरा, अगदी आदल्या रात्री भरू नका.

पायवाट
+१. मी याच पद्धतीने करतो. आणखी एक लाभ असा, की क्रेडिट ब्युरोला (आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला) साधारणपणे बिलावरची बाकी कळवली जाते. बिलाआधी भरलं की कार्डाची मर्यादा किती वापरली, तो आकडाही कमी दिसतो. कर्जासाठी अर्ज करायचा असेल तेव्हा उपयोगी पडतं.

सांजवारा
परत केलेल्या वस्तूंच्या पैशांचं काय? बिल निघाल्यावर माझा एक मोठा रिफंड आला, ६,००० चा. बिल १५,००० होतं. मला वाटलं ९,००० कापतील. पूर्ण १५,००० कापले.

हिशेबवही
पुष्कळ देशांत कार्ड कंपन्या रिफंडला 'पेमेंट' धरत नाहीत. बाकी कमी होते, पण बिलावरची भरायची रक्कम आणि मिनिमम तसेच राहतात. त्यामुळे रिफंड आलाय म्हणून कोणी मिनिमम भरला नाही तर लेट फी लागू शकते.

भारतात रिझर्व्ह बँकेचा नियम ग्राहकाच्या बाजूचा आहे. २१ एप्रिल २०२२ च्या निर्देशांपासून नियम असा, की ड्यू डेटच्या आधी आणि ग्राहकाने पैसे भरायच्या आधी रिफंड आला, तर तो भरायच्या रकमेतून लगेच वजा करायचा आणि ग्राहकाला तसं कळवायचं. तुमचा रिफंड कोणत्या तारखेला जमा झाला ते स्टेटमेंटमध्ये बघा. फाइल निघायच्या बऱ्याच आधीचा असेल, तर लेखी तक्रार जरूर करा.

निळी_शाई
त्याच निर्देशांत लेट फीबद्दलही काही आहे ना? तीन दिवसांचं?

हिशेबवही
हो. ड्यू डेटनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त काळ रक्कम थकली, तरच लेट फी लावता येते आणि ब्युरोला थकबाकी कळवता येते. आणि लेट फी पूर्ण बिलावर नाही, ड्यू डेटनंतर जेवढी बाकी उरली तेवढ्यावरच. दुसरं असं, की न भरलेल्या फी आणि कर मूळ रकमेत मिसळून त्यांच्यावर व्याजावर व्याज चढवायचं नाही.

ऑटोडेबिट परत आलेल्यांसाठी हे तीन दिवस फार मोलाचे आहेत. २२ ला खात्यात पैसे कमी पडून डेबिट बाउन्स झालं, तर कळल्याबरोबर स्वतः भरा. बाउन्स चार्ज टळणार नाही, तो कार्डाकडूनही लागतो आणि बचत खात्याच्या बँकेकडूनही. पण लेट फी आणि ब्युरोतली नोंद टळते. बिनव्याजी मुदत मात्र या सवलतीत येते असं समजू नका.

पायवाट
इथे एक खबरदारी. डेबिट बाउन्स झाल्यावर मी लगेच स्वतः भरलं होतं. तीन दिवसांनी त्यांनी तेच डेबिट पुन्हा टाकलं आणि तेही वठलं. म्हणजे पुन्हा दुहेरी. बाउन्स झाल्यावर भरण्याआधी 'पुन्हा प्रयत्न करणार आहात का' हे विचारून घ्या.

गणितवेडा
आणि मॅन्डेटची कमाल मर्यादा तपासा. मॅन्डेट भरताना आपण एक वरची रक्कम लिहितो, नंतर विसरून जातो. एखाद्या महिन्यात बिल त्या मर्यादेच्या वर गेलं, तर 'मर्यादेपर्यंतचे घेतो, बाकी तुम्ही भरा' असं होईलच असं नाही. पूर्ण डेबिटच फसू शकतं. माझ्या भावाचं असंच झालं, एका मोठ्या वैद्यकीय खर्चाच्या महिन्यात. आधीच घरात काळजी, त्यात हे.

परदेशी_पाखरू
मी युरोपात राहते. इथे सेपाच्या (युरोपातल्या सामायिक पेमेंट यंत्रणेच्या) डायरेक्ट डेबिटचे, म्हणजे ऑटोडेबिटचे, पैसे आठ आठवड्यांच्या आत आपल्या बँकेकडून परत मागता येतात, कारणही द्यावं लागत नाही. मॅन्डेटच दिलेलं नसेल तर मुदत १३ महिन्यांची. चैत्रपालवीताईंना असं काही करता आलं नसतं का?

हिशेबवही
पाखरूताई, सोय उत्तम आहे, पण क्रेडिट कार्डाच्या बाबतीत जपून वापरा. बँक पूर्ण ४८,२०० परत देईल, फक्त जास्तीचे ३०,००० नाही. मग कार्डावर १८,२०० थकतील आणि ड्यू डेट उलटून गेलेली असेल. ब्रिटनमधली डायरेक्ट डेबिट गॅरंटीही अशीच. चूक झाली असेल तर बँक पूर्ण आणि तात्काळ परतावा देते, पण देणं खरंच असेल तर कार्ड कंपनी ते वसूल करणारच. जास्तीचे पैसे हवे असतील तर कार्ड कंपनीकडेच जमा रकमेचा परतावा मागायचा. तो आपला हक्क आहे. 'पुढच्या बिलात वळते होतील' ही त्यांची सोय झाली, बंधन नाही.

तसंच, दुहेरी कापलं जाईल या भीतीने आपल्या बँकेत जाऊन डेबिट थांबवू नका. फाइल गेलेली असेल तर ते परत आलेलं डेबिट म्हणून नोंदलं जातं आणि चार्ज लागतो.

मुक्तछंद
इतकं सगळं वाचून वाटतं, ऑटोडेबिट बंदच करावं आणि सगळं स्वतः भरावं.

दिवेलागण
नका करू. मी बंद ठेवलं होतं तेव्हाच लेट फी बसली. घरात आजारपण, प्रवास, काहीही येतं आणि तारीख हातातून निसटते. निदान मिनिममचं तरी चालू असू द्या.

गणितवेडा
माझं मत पूर्ण बिलाच्या बाजूने. मिनिममचं ऑटोडेबिट लेट फी वाचवतं, पण आपण बेफिकीर होतो आणि व्याज खात बसतं. पगार नियमित असेल तर पूर्णच लावा. उत्पन्न वरखाली होत असेल तर दिवेलागण म्हणतात ते पटतं. आणि कार्डावर रोख रक्कम काढली असेल तर यातलं काहीच कामाचं नाही. रोख रकमेवर पहिल्या दिवसापासून व्याज असतं. तिथे ऑटोडेबिटची वाट न बघता त्याच आठवड्यात स्वतः भरणं हाच मार्ग.

चैत्रपालवी
सगळ्यांचे मनापासून आभार. हिशेबवहींनी सांगितल्याप्रमाणे कार्डाच्या तक्रार विभागाला ईमेल केला, दोन प्रश्न विचारून. जास्तीची रक्कम खात्यात परत करा, आणि तुमची फाइल कधी बनते ते लेखी कळवा.

३०,००० सहाव्या दिवशी खात्यात आले. फाइलबद्दल उत्तर आलं, ड्यू डेटच्या दोन कामकाजाचे दिवस आधी संध्याकाळी रक्कम पक्की होते, तोपर्यंत जमा झालेलं वजा करतात. म्हणजे माझी शेवटची तारीख २० होती आणि मी एका दिवसाने चुकले. हप्त्याचा बाउन्स चार्ज त्यांनी भरून द्यायला नकार दिला. कर्ज देणाऱ्यांना मात्र सगळ्या तारखा आणि कार्डाचं स्टेटमेंट पाठवलं, तर त्यांनी त्यांचा चार्ज माफ केला. माझ्या बँकेचा चार्ज गेला तो गेलाच.

या महिन्याचं बिल २६,७५० आलं. १० तारखेला २०,००० भरले आणि २२ ला बरोबर ६,७५० कापले गेले. बघेपर्यंत जिवात जीव नव्हता.

सांजवारा
वा, छान झालं. एक शंका. दोन कामकाजाचे दिवस म्हणजे शनिवार-रविवार धरायचे की नाही?

हिशेबवही
धरू नका. २२ तारीख सोमवारी आली तर मधले शनिवार-रविवार सोडून मागे मोजा. गुरुवार संध्याकाळ, म्हणजे १८ तारीख. मध्ये सुट्टी असेल तर आणखी एक दिवस आधी.

चैत्रपालवी
कॅलेंडरवर लिहून ठेवलं. हप्त्याची तारीखही २३ वरून २८ करून घेतेय, अर्ज दिलाय.